हूल कधी द्यावी आणि कुणाला देऊ नये

लक्ष्मीपूजन आटोपलेले असते. सोयाबीन मोंढ्यावर गेलेले असते, कापसाची पहिली वेचणी घरात आलेली असते. भोकर तालुक्यातल्या एखाद्या गावात ओसरीवर सतरंजी अंथरून पाच-सहा जण गोल बसलेले असतात. त्यांत सासरवाडीला आलेले जावई असतात, पुण्याहून सुट्टीवर आलेला पुतण्या असतो, निवृत्त मास्तर असतात. डाव तीन पत्तीचा, बूट दहा रुपयांचा. जावयांच्या हातात चौकटचा गुलाम, किल्वरची सत्ती आणि बदामाची तिर्री, म्हणजे काहीच नाही. तरी ते छाती पुढे काढून चाल करतात, पुन्हा करतात. एकेक जण पाने टाकतो. शेवटी उरतात मास्तर. ते चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, “पाव्हणं, तुमच्याकडं काही नाही. तरी बघू तं द्या.” चाळीस रुपये मध्ये पडतात, पाने उघडतात आणि ओसरी हसते.

जावयांचे चुकले कुठे? चेहऱ्यावर काही दिसले असेल, आवाज कापला असेल, असे त्यांना रात्रभर वाटत राहते. खरे उत्तर बरेच साधे आहे. मास्तरांना पाने टाकण्याचे कारणच नव्हते. चाळीस रुपयांत त्यांना पाव्हण्यांची पाने बघायला मिळत होती, आणि त्या रात्री ओसरीवर याहून स्वस्त करमणूक दुसरी नव्हती.

इंग्रजीत ज्याला ब्लफ म्हणतात त्याला मराठीत हूल हा नेमका शब्द आहे. हूल म्हणजे नुसते खोटे बोलणे नव्हे. कबड्डीत चढाई करणारा एका बाजूला झेपावल्यासारखे करतो आणि दुसऱ्याच गड्याला शिवतो, ती हूल. समोरच्याने आपल्या हालचालीवर विश्वास ठेवून स्वतःची जागा सोडली, तरच ती लागू पडते. पत्त्यांतही तसेच आहे. समोरचा जागा सोडणाराच नसेल तर हूल म्हणजे फुकटची पळापळ. छोट्या रकमेच्या डावात समोरचा बहुधा जागा सोडत नाही. त्यामुळे तिथे हूल क्वचित द्यावी, ठरावीक माणसालाच द्यावी, आणि स्वतः हरत असताना अजिबात देऊ नये. यातला शेवटचा भाग पत्त्यांपेक्षा वैद्यकाचा अधिक आहे. पण तिथवर जाण्याआधी हिशोब पाहायला हवा.

पोकर हा शब्द आपल्याकडे गोव्यातल्या कॅसिनोंमुळे आणि मोबाइलमुळे आला. ग्रामीण मराठवाड्यात खेळला जातो तो तीन पत्ती. पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांत येणारा ‘तिर्रट’ हा शब्द नांदेड जिल्ह्यातल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. तीन पत्तीचा जवळचा नातेवाईक म्हणजे इंग्रजांचा ‘थ्री कार्ड ब्रॅग’. ब्रॅग म्हणजे बढाई. खेळाच्या नावातच हूल आहे.

बावन्न पानांतून तीन पाने 22,100 प्रकारे येऊ शकतात. त्यांतल्या 16,440 प्रकारांत हातात काहीच नसते. जोडी नाही, रंग नाही, क्रम नाही. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याहत्तर वेळा खेळाडू नुसत्या मोठ्या पानावर बसलेला असतो. जोडी येते ती शंभरात सुमारे सतरा वेळा. तीन एक्के किंवा तीन राजे यांसारखे त्रिकूट मिळण्याचे प्रकार फक्त 52, म्हणजे सरासरी सव्वाचारशे वाटपांत एकदा. तेव्हा समोर एकच खेळाडू असेल तर त्याच्याकडे काही नसण्याची शक्यता चारात तीन इतकी असते. समोर पाच जण असतील तर पाचही जणांचे हात रिकामे असण्याची शक्यता शंभरात तेवीसच्या आसपास येते. हूल एकाला देणे आणि पाच जणांना देणे हे दोन वेगळे खेळ आहेत, आणि घरच्या डावात बहुतेक जण पाच जणांना हूल देत असतात.

आता पैशाकडे वळू. समजा मध्ये 240 रुपये जमले आहेत आणि चाल 40 ची आहे. हूल देणारा 40 रुपये टाकतो. सगळ्यांनी पाने टाकली तर त्याला 240 मिळतात, नाही टाकली तर 40 जातात. सात वेळा हूल देऊन एकदा जरी जमली तरी त्याची बरोबरी होते. कागदावर हा फार आकर्षक सौदा दिसतो. मात्र समोर तिघे असतील आणि प्रत्येक जण निम्म्या वेळा पाने टाकत असेल, तर तिघांनीही एकदम टाकण्याचा योग आठांत एकदा येतो. म्हणजे थोडा तोटाच. पाच जण असतील तर बत्तिसात एकदा. शिवाय तीन पत्तीत एका चालीवर निभत नाही. फेरी पुन्हा फिरून येते, हूल चालू ठेवायची तर पुन्हा 40 टाकावे लागतात, आणि सातात एकाचा हिशोब तिथल्या तिथे मोडतो.

मास्तरांच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. मध्ये आता 280 आहेत, आणि 40 देऊन त्यांना शो मागता येतो. पाव्हणे आठांत एकदा जरी हूल देत असतील तरी मास्तरांचा 40 रुपयांचा सौदा बरोबरीत सुटतो. दिवाळीच्या रात्री ओसरीवर बसलेला जावई आठांत एकदाच हूल देतो यावर कोणता मास्तर विश्वास ठेवील?

नो-लिमिट पोकरमध्ये हेच गणित वेगळे होते, कारण तिथे मधल्या रकमेइतकी किंवा समोरच्या सगळ्या ढिगाइतकी बोली एका दमात लावता येते. 240 वर 240 ची बोली आली तर समोरच्याला तिनांत एकदा तरी आपण जिंकू अशी खात्री असावी लागते. भीती तिथे विकत घेता येते. तीन पत्तीत चाल किती वाढवायची याला मर्यादा असते, त्यामुळे भीती घालण्याचे साधनच तोकडे. पोकरमध्ये आणखी एक सोय आहे. टेबलावर सगळ्यांच्या मालकीची पाने हळूहळू उघडतात. आज हातात काही नसले तरी पुढच्या पानाने रंग जुळू शकतो. रंगाची चार पाने जमली असतील आणि दोन पाने उघडायची बाकी असतील, तर तो जुळण्याची शक्यता शंभरात पस्तिसाच्या आसपास असते. अशी हूल पकडली गेली तरी पाने तिला वाचवू शकतात. मुरलेले खेळाडू छोट्या पोकरमध्येही हीच अर्धी हूल पसंत करतात. तीन पत्तीत मात्र वाटलेली तीन पाने म्हणजे शेवटची पाने. तिर्रीची राणी होत नाही.

हूल देणे ही फक्त उनाडांची खोड आहे, असेही कुणी समजू नये. जॉन फॉन नॉयमन या हंगेरियन गणितज्ञाने 1928 साली खेळांच्या गणिती सिद्धान्तावरचा पायाभूत निबंध लिहिला. पुढे 1944 मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न या अर्थतज्ज्ञाबरोबर लिहिलेल्या ग्रंथात त्याने पोकरचे एक साधे प्रतिरूप मांडून सोडवले. त्यातून निघालेली एक गोष्ट ओसरीवरच्या समजुतीच्या उलट आहे. हूल द्यायची तर ती सगळ्यात टाकाऊ पानांवर द्यावी, मधल्या पानांवर देऊ नये. मधल्या पानांना, म्हणजे एखाद्या राजाला किंवा लहान जोडीला, शोमध्ये जिंकण्याची थोडी आशा असते. ती आशा हूल देऊन उधळू नये. ज्या पानांना कसलीच आशा नाही त्यांना गमावण्यासारखेही काही नसते. आणि जो कधीच हूल देत नाही त्याच्या चांगल्या पानांना कुणी पैसे देत नाही, कारण त्याने चाल केली की सगळे पाने टाकून मोकळे होतात. तेव्हा हूल पकडली जाणे हाही एक उपयोग आहे. जावयांची हूल आज पकडली गेली, म्हणून उद्या त्यांना तीन एक्के आले तर मास्तर चाळीस रुपये देतील. मात्र ज्या ओसरीवर सगळे नेहमीच शो मागतात तिथे ही जाहिरात करण्याचीही गरज नाही. तिथे चांगली पाने येण्याची वाट पाहावी आणि ती आल्यावर बिनदिक्कत चाल करावी. कंटाळवाणे आहे, पण फायद्याचे तेवढेच आहे.

मग हूल द्यावी ती कुणाला? सगळे गळून एकच जण उरला असेल तेव्हा, आणि तो पाने टाकू शकणारा असेल तर. असा माणूस ओळखता येतो. तो पाने पाहून निमूट टाकतो, आपले सुटे पैसे मोजून ठेवतो, आणि मघाच्या डावात नुकताच हरूनही आवाज न चढवता बसलेला असतो. जिंकत आलेला माणूस याच्या उलट. समोरचा ढीग त्याला दुसऱ्याचा वाटतो, त्यामुळे तो बघायला पैसे टाकतो. दोन घोट घेतलेल्याला हूल देण्यात अर्थ नाही. हूल समजायला समोरच्याला विचार करावा लागतो. आणि ज्याने मध्ये आधीच बरेच पैसे घातले आहेत तो ते सोडून उठत नाही. शिवाय हूल ही सुरुवातीपासून सांगितलेली गोष्ट असावी लागते. तीन फेऱ्या कुरकुरत चाल करणारा चौथ्या फेरीला अचानक वाघ झाला, तर ओसरीवरचे लहान पोरही त्याला ओळखते.

ब्लाइंडचा विचार इथे वेगळा करायला हवा, कारण तीन पत्तीने हूल देण्याची सोय नियमांतच करून ठेवली आहे. पाने न पाहता खेळणाऱ्याला पाहून खेळणाऱ्याच्या निम्मेच पैसे टाकावे लागतात. त्याला स्वतःलाच काही माहीत नसल्याने त्याचा चेहरा, हात, आवाज काहीच सांगू शकत नाही. मघाच्या गणितातही निम्म्या किमतीची हूल ही दुप्पट किमतीच्या हुलीपेक्षा कधीही बरी. छोट्या डावात हूल द्यायचीच असेल तर पहिल्या एक-दोन फेऱ्या ब्लाइंड खेळणे हा त्यातला स्वस्त प्रकार आहे. मात्र ‘मी शेवटपर्यंत ब्लाइंडच’ असे म्हणत मिशीवर ताव देणारा माणूस खेळ सोडून प्रतिष्ठा खेळायला लागलेला असतो. त्याला समोरचा खेळाडू फार दिवस विसरत नाही.

चेहऱ्याचा विषय निघालाच आहे, तर वैद्यकाला त्यात दोन शब्द बोलण्याचा अधिकार आहे. हूल देताना शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढते. नाडी जलद होते, तळवे घामेजतात, तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या रुंदावतात. अडचण अशी की तीन एक्के हातात आले तरी नेमके हेच होते. शरीराची खळबळ उत्तेजनेची असते, खोट्याची वेगळी अशी खळबळ नसते. म्हणून ‘हात थरथरतोय म्हणजे काही नाही’ हा ओसरीवरचा निष्कर्ष अनेकदा महागात पडतो. थरथरणारा हात पुष्कळदा मोठ्या पानांचा असतो. माणसे खोटे ओळखण्यात मुळातच फारशी हुशार नाहीत. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी 2006 मध्ये अशा दोनशेहून अधिक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. खरे की खोटे हे ओळखण्यात लोक सरासरी शंभरात 54 वेळा बरोबर ठरले. नाणे उडवून 50 मिळतात.

2013 साली मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पोकरच्या जागतिक स्पर्धेतल्या व्यावसायिक खेळाडूंच्या चित्रफिती विद्यार्थ्यांना दाखवल्या. काहींना फक्त चेहरा दिसत होता, काहींना फक्त हात. चेहरा पाहणाऱ्यांना पाने चांगली की वाईट हे ओळखता आले नाही, उलट ते फसले. चिपा पुढे सरकवणारे हात पाहणाऱ्यांचे अंदाज मात्र अंधारातल्या अंदाजापेक्षा बरे निघाले. चांगल्या पानांच्या खेळाडूचा हात सरळ, न अडखळता पुढे जातो. मास्तरांनी चष्म्यावरून बघायचे तर पाव्हण्यांचे डोळे सोडून त्यांच्या मनगटाकडे बघावे.

हूल देणाऱ्याच्या हृदयाचेही एक प्रकरण आहे, फक्त ते पानांचे नाही. रात्रभर मांडी घालून बसणे, तंबाखू, चहावर चहा, चिवडा-शेव, रात्रीची रक्तदाबाची गोळी विसरणे, इन्सुलिन ‘घरी गेल्यावर घेऊ’ म्हणून राहून जाणे, आणि त्यावर पहाटे तीनला हरलेल्या डावाची चिडचिड. पन्नाशी ओलांडलेल्या मधुमेही माणसाला ही सगळी बेरीज झेपत नाही. अमेरिकेतल्या कॅसिनोंत माणसे कोसळतात हे इतके परिचयाचे आहे, की तिथल्या सुरक्षारक्षकांना हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र वापरायला शिकवून एक महत्त्वाचा अभ्यास झाला आणि तो 2000 साली प्रसिद्ध झाला. कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत झटका मिळालेल्यांपैकी 74 टक्के रुग्ण वाचून घरी गेले. उशीर झालेल्यांपैकी 49 टक्के. ओसरीवर असे यंत्र नसते. गोळी खिशात ठेवून बसणे मात्र कुणालाही जमते.

पण या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे: माणसाला हूल द्यावीशी नेमकी केव्हा वाटते? जिंकत असताना क्वचितच. हूल सुचते ती सहाशे गेल्यानंतर. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवले की माणूस नफ्याच्या बाबतीत सावध आणि तोट्याच्या बाबतीत धाडसी असतो. शंभर गमावल्याचे दुःख शंभर मिळाल्याच्या आनंदापेक्षा बरेच मोठे असते. गमावलेले परत मिळवण्यासाठी तो असे धोके पत्करतो, जे तो एरवी घेणार नाही. यात नवीन काही नाही. द्यूतसभेत युधिष्ठिराने एकही हूल दिली नव्हती. त्याने प्रत्येक हारीनंतर आदल्यापेक्षा मोठा पण लावला, इतकेच.

यात मेंदूची साखळीही समजून घ्यायला हवी. वुल्फराम शुल्ट्झ यांच्या गटाने 2003 मध्ये माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवले की बक्षीस मिळेल की नाही याची अनिश्चितता जास्तीत जास्त असते, म्हणजे शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा बक्षिसाची वाट पाहत असतानाच डोपामीन स्रवणाऱ्या पेशींची सक्रियता सर्वाधिक वाढते. बक्षिसापेक्षा ‘लागतेय की नाही’ हा क्षणच मेंदूला धरून ठेवतो. हूल हा असा क्षण मुद्दाम तयार करण्याचा प्रकार आहे. पाच-सहा वेळा पकडली जाणारी आणि सातव्यांदा लागू पडणारी हूल मेंदूच्या दृष्टीने सर्वांत चिवट सवय बनते. बक्षीस कधी मिळणार याचा नेम नसला की सवय सहजी सुटत नाही, हे बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवर प्रयोग करून फार पूर्वी दाखवले होते. जावयांना रात्रभर पकडले गेलेले डाव आठवत नाहीत. मास्तरांनी जोडी असूनही पाने टाकली तो एक डाव पुढच्या दिवाळीपर्यंत आठवतो.

हरत असताना हूल देणारा माणूस त्यामुळे तीन चुका एकदम करतो. तो थकलेला असतो म्हणून त्याची गोष्ट जुळत नाही. समोरचे जिंकत असतात म्हणून ते शो मागतात. आणि त्याला पैसे हवे असतात, डाव नको असतो. ही तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. उठायची रक्कम बसण्यापूर्वी ठरवावी, वेगळ्या खिशात ठेवावी, आणि ती संपली की पाने पिसणाऱ्याला रामराम करावा. हा सल्ला शिळा वाटेल, पण डाव चालू असताना ठरवलेली कोणतीही मर्यादा टिकत नाही, कारण ती ठरवणारा मेंदू तोवर दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

आता घरी परतायची वेळ येते. दाराशी बायको विचारते, “किती गेले?” सहाशे चाळीस गेलेले असतात. उत्तर येते, “शंभर-दीडशे.” ओसरीवर रात्रभर न जमलेली हूल इथे मात्र पहिल्या फटक्यात लागू पडते, कारण समोरचे माणूस विश्वास ठेवणारे असते.

जुगाराचे व्यसन ओळखण्यासाठी 1997 मध्ये एक अगदी छोटी प्रश्नावली तयार झाली. तिच्यात दोनच प्रश्न आहेत. अधिकाधिक पैसे लावण्याची गरज कधी वाटली का? आणि आपण किती खेळतो याविषयी जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले का? एकाचे उत्तर जरी ‘हो’ आले तरी डॉक्टरने पुढे सविस्तर विचारावे. मोठ्या यादीतून चाळून-चाळून जे दोन उरले त्यांत एक हुलीचा आहे, आणि ती हूल टेबलावरची नाही. टेबलावर हूल देणे हा खेळाचा भाग आहे. तिथे सगळ्यांनी एकमेकांना फसवायची परवानगी देऊन ठेवलेली असते. घरी तशी परवानगी कुणी दिलेली नसते.

अमेरिकन मनोविकार संघटनेने 2013 मध्ये जुगाराचा विकार आवेगांच्या विकारांतून काढून दारू आणि अफूच्या पंक्तीला, व्यसनांच्या प्रकरणात बसवला. तिच्या नऊ निकषांतही लपवण्यासाठी खोटे बोलणे आहे, हरलेले परत मिळवायला पुन्हा जाणे आहे, आणि अस्वस्थ असताना खेळावेसे वाटणे आहे. वर्षभरात चार निकष लागू झाले तर तो आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणातही तो आहे. यांपैकी कुठल्याही व्याख्येत रकमेचा आकडा नाही, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. ‘आमचा दहा रुपयांचा बूट, आम्हाला कसले व्यसन’ हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही. दोन एकर कोरडवाहू असलेल्या घरात आठवड्याला गेलेले सहाशे ही छोटी रक्कम नसते. पेरणीच्या तोंडावर ती बियाण्याच्या पिशवीतून वजा होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक अख्खे सूक्त आहे, आणि त्यातही फाशांइतकीच त्याची बायको आणि आई दिसतात.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे आणि थोडा विचित्रही. महाराष्ट्रात आजही 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले, आणि तसे करताना तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा म्हणून वेगळे काढले. हुलीचे कौशल्य न्यायालयाने मोजले नाही, असे एखादा खेळाडू म्हणेल. वरचे गणित पाहता छोट्या तीन पत्तीपुरते तरी न्यायालयाचे फार चुकले असे म्हणवत नाही. मोबाइलवरचे पैशांचे खेळ ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंद केले, ते योग्यच झाले. तिथे मास्तर नसतात, पहाट होत नाही, आणि “आता उठा, दूध काढायची वेळ झाली” असे म्हणणारे कुणी नसते.

ओसरीवरचा दिवाळीचा डाव बंद पाडावा, असे या सगळ्यावरून सुचवायचे नाही. वर्षातून दोन रात्री, ठरवलेल्या पैशांत, नात्यातल्या माणसांबरोबर खेळणाऱ्या बहुसंख्य लोकांना काहीही होत नाही. काळजी करायची ती दिवाळी संपल्यावरही ज्याची दिवाळी संपत नाही त्याची: जो गुरुवारच्या बाजाराला जातो म्हणून निघतो आणि शेताच्या आखाड्यावर बसतो, ज्याची मोटारसायकल ‘दुरुस्तीला’ गेलेली असते, ज्याच्या बायकोचे डोरले ‘बँकेत सुरक्षित’ असते. अशा घरातल्या बाईने त्याला चारचौघांत जाब विचारू नये आणि त्याचे देणेही परस्पर फेडू नये. पहिल्याने हूल वाढते, दुसऱ्याने पुढच्या डावाला भांडवल मिळते. नेमके किती देणे आहे हे एका कागदावर त्याच्याकडून लिहून घ्यावे. हा कागद उपचाराची सुरुवात असते, कारण त्यावर पहिल्यांदा हुलीशिवाय आकडा येतो.

या आजारावर उपचार आहे. मुख्य भर समुपदेशनावर, विशेषतः विचार आणि वर्तन बदलण्याच्या पद्धतीवर असतो. काही रुग्णांना नाल्ट्रेक्झोनसारखे औषध उपयोगी पडते. सोबत उदासी किंवा दारू असेल तर तिच्यावरही इलाज करावा लागतो, आणि आत्महत्येचे विचार येतात का हे न लाजता विचारावे लागते. कर्जात बुडालेल्या जुगाऱ्यात हा धोका खरा असतो. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. तिथवर जायची तयारी नसेल तर टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर रात्री-बेरात्रीही मराठीत बोलता येते, आणि फोन करणारा रुग्णच असावा लागतो असे नाही.

डॉक्टरकडे जाताना एक गोष्ट विसरू नये. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनी, आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेल्या माणसालाही जुगाराचा अनावर नाद लागू शकतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2005 मध्ये अशा 11 रुग्णांची नोंद केली. त्यांतल्या बहुतेकांचा नाद औषध सुरू केल्यापासून किंवा वाढवल्यापासून थोड्याच महिन्यांत लागला होता. ही औषधे पायांच्या रात्रीच्या अस्वस्थतेसाठीही दिली जातात. म्हातारपणी अचानक डावाला बसू लागलेल्या माणसाला घरचे ‘वय झाले आणि बिघडला’ म्हणतात, आणि दोष गोळीचा असतो. गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते, त्याने त्रास होतो. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात किंवा बदलतात. म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, रिकाम्या झालेल्याही, पिशवीत घालून बरोबर आणाव्यात.